गोड म्हणून नाक मुरडण्याआधी : वाल्पोलिचेल्लाची रेचोतो

रानजाई

वाइनचे धागे इथे अधूनमधून निघतात. पण गोड रेड वाइनचा विषय आला की दोन-तीन प्रतिसादांतच ‘ते नवशिक्यांचं काम’ म्हणून मंडळी पुढे सरकतात. मीही सरकायचे. गेल्या जानेवारीत इटलीतल्या व्हेरोनाजवळच्या एका माळ्यावर तासभर काढला आणि मत बदललं, त्याची ही हकीकत. शेवटी एक प्रश्न आहे, तेवढा सोडवून द्या.

आम्ही तीन वर्षं पादोवात आहोत. नवऱ्याच्या ऑफिसातला एक सहकारी वाल्पोलिचेल्ला या व्हेरोनाजवळच्या द्राक्षपट्ट्यातला, त्याच्या मामांची नेग्रारच्या वरच्या अंगाला बाग आहे. बरेच दिवस ‘या, या’ चाललं होतं. जानेवारीतल्या एका शनिवारी गेलो. व्हेरोना शहर ओलांडून वायव्येला वळलं की लगेच खोरी सुरू होतात. फुमाने, मारानो, नेग्रार अशी ती उत्तर-दक्षिण पसरलीत. वर लेसिनी डोंगर, पश्चिमेला गार्दा सरोवर. उतारांवर चुन्यामातीशिवाय रचलेल्या दगडी ताली, त्यांना तिकडे मारोन्ये म्हणतात. थंडीत वेली नुसत्या काड्या झालेल्या, त्यामुळे बागेत पाहण्यासारखं काही नव्हतं. मामा म्हणाले, बाग काय बघता, वर चला.

वर म्हणजे माळ्यावर. तिकडे त्याला फ्रुत्तायो म्हणतात. दार उघडल्याबरोबर जो वास आला तो कशासारखा हे मला अजून सांगता येत नाही. मनुकांचा डबा, ओलं लाकूड आणि थोडं मध, असं काहीतरी. आत ओळीनं मांडण्या आणि प्रत्येक मांडणीवर एका थरात घड. सप्टेंबरअखेर काढलेले. मणी सुरकुतलेले, पण बेदाण्याइतके कोरडे नाहीत, दाबले तर आत अजून रस. त्यातलं बरंचसं आता प्लॅस्टिकच्या सपाट क्रेटमध्ये असतं. पण एका कोपऱ्यात मामांनी जुन्या वेळूच्या चटया ठेवल्या होत्या. आरेले. त्यांच्या आजीच्या काळी याच चटयांवर उन्हाळ्यात रेशमाचे किडे पोसायचे आणि थंडीत द्राक्षं वाळवायचे. 

या वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाइन म्हणजे रेचोतो. नाव स्थानिक बोलीतल्या ‘रेचा’वरून आलं, म्हणजे कान. घडाच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे जे छोटे फाटे फुटतात ते कान. त्यांना ऊन जास्त मिळतं, ते आधी आणि जास्त पिकतात. पूर्वी तेवढेच खुडून वाळवायचे म्हणे. आता चांगला, सुटसुटीत घड असेल तर अख्खा घेतात.

आता गंमत. वाल्पोलिचेल्ला म्हटलं की जगभर लोकांना आठवते आमारोने, ती जाडजूड, कोरडी (म्हणजे गोड नसलेली), महागडी रेड. ती याच माळ्यावरच्या याच द्राक्षांची. पण मूळ वाइन गोड. आमारोने ही तिची चुकून कोरडी झालेली लेक. स्थानिक लोक तिला रेचोतो स्कापा म्हणायचे, म्हणजे निसटलेली रेचोतो. पिंपात ठेवलेल्या गोड वाइनमध्ये वसंतात ऊब आली की यीस्ट पुन्हा जागं व्हायचं आणि उरलेली साखर खाऊन टाकायचं. मालक कपाळाला हात लावायचा. १९३६ची एक गोष्ट तिथे सगळे सांगतात. सहकारी वाइनरीचे तळघरप्रमुख आदेलिनो लुकेझे यांनी एक विसरलेलं पीप उघडलं, चाखलं आणि म्हणाले, ही आमारो नाही, ही तर आमारोने आहे. आमारो म्हणजे कडू, आमारोने म्हणजे ‘मोठी कडू’. मामांनी ही गोष्ट सांगताना वाक्य इतक्या अभिनयानं म्हटलं की ते स्वतः तिथे हजर होते असं वाटावं.

लेक पळाली, नावारूपाला आली, आणि आता आईचं घर तिच्या नावानं ओळखतात. मामांकडच्या शंभर क्रेटपैकी नव्वद-पंच्याण्णव आमारोनेच्या वाट्याला जातात. रेचोतो ते करतात ती घरच्यांसाठी, बारशाला आणि लग्नाला, आणि थोडी विकायला. मी अर्धा लिटरची बाटली २८ युरोला घेतली.

आणि इथे माझी फजिती. पादोवात चार माणसं जेवायला होती. जेवणानंतर चॉकलेट आणि क्रीमचा थरांचा केक आणि त्यासोबत ही बाटली, असा थाट केला. माळ्यावर जी वाइन मला मधाच्या जवळची वाटली होती ती केकाच्या घासानंतर चक्क आंबट, पातळ आणि थोडी तुरट लागली. पाहुण्यांनी सभ्यपणे ग्लास बाजूला ठेवले. बाटली नासली होती का? दुसऱ्या दिवशी नुसती घेतली तर पुन्हा तीच, मस्त. तर प्रश्न हा, की ही कशाबरोबर प्यायची?

तिरपागडा

छान लिहिलंय. वास डोळ्यांसमोर आला. (हे वाक्य चुकलंय हे मला माहीत आहे, असू द्या.)

कडूकारले

लेख आवडला, वाइन पटली नाही. गोडवा हा दोष झाकायचा जुना उपाय आहे. साखर घातली की खाली काय आहे ते कळत नाही. तुमच्या केकानं फक्त ते झाकण काढलं. आंबट, पातळ, तुरट हीच ती खरी वाइन.

अभ्यासू बोका

कडूकारले, साखर ‘घातलेली’ नाही हाच तर मुद्दा आहे. थोडा हिशेब करू.

लिटरभर रसातली साधारण १७ ग्रॅम साखर यीस्टनं खाल्ली की एक टक्का अल्कोहोल होतं. द्राक्षं वाळून पाणी गेलं आणि रसात समजा लिटरला ३४० ग्रॅम साखर झाली. ती सगळी खाल्ली गेली तर २० टक्के अल्कोहोल व्हायला हवं. तिथपर्यंत यीस्ट सहसा पोचतच नाही, आधीच धापा टाकायला लागतं. रेचोतो करणारा साडेतेराला आंबवणं थांबवतो. थंड करतो, गाळून यीस्ट बाजूला काढतो. साडेतेरासाठी गेले साधारण २३० ग्रॅम. उरले ११०. तोच तुमचा गोडवा. तो यीस्टच्या ताटातला उरलेला घास आहे, वरून वाढलेला नाही.

पोर्ट या पोर्तुगालच्या गोड वाइनची गोष्ट निराळी. तिथे आंबवणं चालू असताना मध्येच द्राक्षांचं स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, साखर राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं. रेचोतोत बाहेरचं काही नाही. म्हणून ती पोर्टपेक्षा सौम्य, पण गोड म्हणून सरबतासारखी प्यायलात तर साडेतेरा टक्के ते साडेतेरा टक्केच.

कडूकारले

हिशेब मान्य. आवड अमान्य.

बांधावरचा

मी द्राक्षवाला, वाइनमधलं फार कळत नाही, पण बागेचं विचारतो. ही जात कुठली? मांडव आहे की तारेवर? आणि वाळवायला तीन-चार महिने कसे लागतात? आम्ही बेदाणा करतो तेव्हा घड डिपिंगच्या द्रावणात बुडवतो, मण्यावरचा मेणाचा थर सुटतो आणि पंधरा-वीस दिवसांत काम होतं.

रानजाई

@बांधावरचा, असा प्रतिसाद यावा म्हणूनच धागा काढला होता. जातींचं मी सांगते, वाळवण्याचं बोका सांगतील.

मुख्य जात कोर्विना. कोर्वो म्हणजे कावळा, मण्याच्या काळ्या रंगावरून नाव पडलं असं सांगतात. तिच्या जोडीला कोर्विनोने, म्हणजे ‘थोरली कोर्विना’. मणी मोठे, म्हणून १९९३पर्यंत लोक तिला कोर्विनाचाच एक प्रकार समजत. मग ती स्वतंत्र जात निघाली. तिसरी रोन्दिनेल्ला. रोन्दिने म्हणजे पाकोळी. ही तर डीएनएवरून कोर्विनाची पोर ठरली. ओझेलेता नावाची एक जुनी जात काही जण पुन्हा लावतात, तिचाही अर्थ चिमणं पाखरू. म्हणजे बाग कमी आणि थवा जास्त. मोलिनारा एकटीच वेगळी. मोलिनो म्हणजे गिरणी, आणि तिच्या मण्यांवर पीठ उडाल्यासारखी पांढुरकी लव असते. रंगानं फिकी, त्यामुळे तिला आता फार कोणी विचारत नाही.

आणि हो, मांडव! तिकडे त्याला पेर्गोला व्हेरोनेझे म्हणतात. नव्या बागा तारेवर दिसल्या, पण मामांकडे जुना मांडवच आहे.

बांधावरचा

मांडव का ठेवलाय ते सांगू का? नावावरून नाही, तुमच्या वर्णनावरून अंदाज. काडीच्या बुडाकडचे डोळे वांझ असणार. अशा जातीला आखूड छाटणी चालत नाही, काडी लांब ठेवावी लागते, आणि लांब काडी आडवी पसरायला मांडवासारखी सोय नाही. शिवाय घड खाली मोकळे लोंबतात, हवा लागते, ऊन थेट भाजत नाही. वाळवायला घड कोरडा आणि न डागाळलेला हवा ना.

रानजाई

आत्ताच मामांना फोन लावून विचारलं. कोर्विनाचे बुडाकडचे पहिले डोळे घड देत नाहीत. मामा म्हणाले, हा माणूस कोण आहे, त्याला छाटणीला पाठवा.

तिरपागडा

बांधावरचे भाऊ, विमानाचं तिकीट काढा. परत येताना दोन बाटल्या.

अभ्यासू बोका

वाळवण्याबद्दल. बेदाण्याला पाणी लवकर जायला हवं, म्हणून मेण काढतात. इथे नेमकं उलटं, पाणी *सावकाश* जायला हवं. इटालियनमध्ये याला आपास्सिमेन्तो म्हणतात, म्हणजे कोमेजवणं. आमारोनेसाठी नियमच आहे की साधारण डिसेंबर उजाडेपर्यंत द्राक्षं चिरडायची नाहीत. रेचोतोसाठी बरेच जण त्याहून जास्त थांबतात, अगदी फेब्रुवारीपर्यंतही. तोवर वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरतं. सरतेशेवटी शंभर किलो ताज्या द्राक्षांमागे चाळीस लिटरच्या वर वाइन धरत नाहीत. नेहमीच्या वाइनला सत्तरच्या आसपास निघते. अर्ध्या लिटरला २८ युरो का पडले त्याचं उत्तर इथे आहे.

सावकाश का, तर खुडलेला घड लगेच मरत नाही. मण्यातल्या पेशी आठवडेच्या आठवडे श्वास घेत असतात. आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल त्यात खर्ची पडतं. पाण्याचा ताण बसला की काही जनुकं नव्यानं जागी होतात, सालीत रेस्व्हेरॅट्रॉलच्या कुळातली द्रव्यं वाढतात. व्हेरोना विद्यापीठात कोर्विनाच्या वाळणाऱ्या मण्यांवर हे काम बरंच झालंय. म्हणजे माळ्यावर नुसतं पाणी उडत नाही, फळ बदलत असतं. भट्टीत घालून आठवड्यात वाळवलं तर साखर तेवढीच मिळेल, ही वाइन मिळणार नाही.

धोका बुरशीचा. शरद ऋतूत धुकं, दमट हवा, आणि करडी बुरशी एका क्रेटातून दुसऱ्यात. म्हणून पूर्वी माळ्यांना समोरासमोर खिडक्या असत आणि आता मोठे पंखे आणि हवेतली ओल मोजणारी यंत्रं असतात. कोर्विनाची साल जाड, तिला त्याचा फायदा होतो.

सोनचाफा

किती वर्षं जुनं आहे हे सगळं? रोमन वगैरे?

रानजाई

गाइडनं सांगितलं की राजा थिओडोरिकच्या मेजवानीसाठी त्याचा मंत्री कासिओदोरस यानं व्हेरोनाकडून ही वाइन मागवली होती. सहावं शतक.

अभ्यासू बोका

गाइडचं बरोबर आणि थोडं चूक. पत्र कासिओदोरसचंच आहे. पण ते त्याच्या पत्रसंग्रहाच्या बाराव्या भागात आहे, आणि त्या भागातली पत्रं तो प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य कारभारी, झाल्यानंतरची, म्हणजे ५३३नंतरची. थिओडोरिक ५२६लाच गेला होता. तेव्हा मेजवानी ऑस्ट्रोगोथ राजांची, थिओडोरिकची नव्हे. त्याचं नाव मोठं म्हणून सगळे त्याच्या खात्यावर लावतात.

पण पत्र मजेदार आहे. वाइनचं नाव त्यात आचिनातिकुम. शरद ऋतूत निवडलेले घड घरात लटकवून ठेवायचे, डिसेंबरपर्यंत थांबायचं, बाहेर थंडी पडली की यांची वाइन व्हायला लागते, असं तो सविस्तर लिहितो. आणि दाटपणाबद्दल म्हणतो की याला मांसल द्रव म्हणावं की खाण्याजोगं पेय! महसुलाच्या कारभारात बुडालेला माणूस एका वाइनसाठी इतका फुलून लिहितो, याचं मला फार कौतुक वाटतं.

अवांतर : ‘वाल्पोलिचेल्ला’ म्हणजे ‘अनेक तळघरांचं खोरं’ अशी व्युत्पत्ती बाटल्यांच्या मागे छापतात. अर्धं ग्रीक, अर्धं लॅटिन जोडून केलेली. मला ती ओढूनताणून बसवलेली वाटते.

अवांतर २ : कवी दान्तेचा मुलगा पिएत्रो यानं १३५३मध्ये याच भागात गार्गान्यागोला जमीन घेतली. ती इस्टेट आजही त्याच्या वंशजांकडे आहे आणि तिथे वाइन होते.

कडूकारले

बोका, या वेगानं गेलात तर पुढच्या प्रतिसादात बायबलमधला नोहा येईल.

खमंग

उशिरा आले. बाईंचा मूळ प्रश्न राहिलाच की! सगळे इतिहासात रमलेत आणि ती बिचारी केक घेऊन उभी आहे.

रानजाई, बाटली नासली नव्हती, केक जास्त गोड होता. नियम एकच : वाइन खाण्यापेक्षा गोड हवी. जीभ गोडाला फार लवकर सरावते. क्रीमचा केक खाल्लात की तिला तेवढं गोड ‘काहीच नाही’ वाटायला लागतं. मग वाइनमधली साखर तिच्या लेखी शून्य होते आणि खाली राहतं ते आम्ल, सालीचा तुरटपणा आणि अल्कोहोल. कडूकारले म्हणतात ते ‘झाकण काढणं’ तसं बरोबर आहे, पण ही ‘खरी वाइन’ नव्हे. जिलबीनंतर चहा प्यायला तर तो अगोड लागतो, म्हणून चहावाल्यानं साखर कमी घातली असं होत नाही.

मी मांतोव्यात चार वर्षं होते, व्हेरोनाहून खाली, दक्षिणेला. तिथे रेचोतोबरोबर लोक काय खातात ते सांगते.

पहिला मान झ्ब्रिसोलोनाचा. मांतोव्याचा खास कोरडा केक. केक कसला, बदामाचं भलंमोठं ठिसूळ बिस्किट म्हणा. गव्हाचं पीठ, मक्याचं जाडसर पीठ, साखर, भरड बदाम आणि लोणी. जुन्या घरांत लोण्याऐवजी डुकराची चरबी. याला ‘तीन कपांचा केक’ही म्हणतात, कारण दोन्ही पिठं आणि साखर कपाला कप. मक्याच्या पिठाची रवाळ कोरड आणि बदामाचा किंचित कडवटपणा, त्यावर रेचोतोचा घोट. कोर्विनाच्या वाइनमध्ये आंबट चेरी आणि शेवटी कडू बदाम असतोच, तो या बदामाला जाऊन भिडतो. माझ्या मते याच्यापुढे दुसरी जोडी नाही.

दुसरा पान्दोरो, व्हेरोनाचा नाताळचा. आठ कोनांच्या ताऱ्यासारखा उंच, आतून पिवळाधमक. बेदाणे नाहीत, मुरंबा नाही, नुसतं लोणी-अंडं-पीठ. दोमेनिको मेलेगात्तीनं १४ ऑक्टोबर १८९४ला त्याचं पेटंट घेतलं, म्हणजे तसा तो तरुणच. घरोघरी त्याचा जुना, बुटका भाऊ असायचा, नादालिन. पान्दोरोबरोबर पिठीसाखरेची पुडी येते, ती अर्धीच टाका. आणि मास्कारपोनेचं क्रीम बाजूला थापू नका, पुन्हा तुमच्या केकाची गत होईल.

चॉकलेट चालतं, पण ७० टक्क्यांच्या वरचं. दुधाचं नको. चॉकलेटचा कडवटपणा आणि वाइनचा गोडवा एकमेकांना धरून राहतात. दुधाच्या चॉकलेटात साखर इतकी की वाइन हरते.

आणि आता ज्यांना गोड आवडत नाही त्यांच्यासाठी. कडूकारले, वाचताय ना? गोर्गोन्झोला नावाचं चीज. त्यातला मऊ दोल्चे नव्हे, घट्ट, निळ्या शिरांचा पिकान्ते. खारट, तिखट, नाकात जाणारा. छोटा तुकडा जिभेवर ठेवायचा, तो अर्धा विरघळला की घोट. मीठ गोडाला उचलतं आणि गोड त्या चीजचा दर्प शांत करतं. लेसिनी डोंगरावरचं मोंते व्हेरोनेझे मिळालं तर जुनं, मुरलेलं घ्या. ते निळं नाही, पण मुरल्यावर असं काही तिखट होतं की बस.

गुलमोहर_११

+१ खमंग. फक्त एक भर : फळांबरोबर नको. स्ट्रॉबेरीबरोबर मी करून पाहिलं, दोघींचंही वाटोळं झालं.

खमंग

स्ट्रॉबेरीला वेगळी सोय आहे. पिएमोन्तेत आक्वी गावाच्या परिसरात ब्राकेत्तो जातीची गोड, फसफसणारी रेड होते. हलकी, पाच-सहा टक्क्यांची, गुलाबाचा वास. ती स्ट्रॉबेरीबरोबर थंडगार. तिच्यात वाळवणं नाही, मुरवणं नाही, ताजी असतानाच संपवायची. रेचोतो जर शाल पांघरून बसलेली आजी असेल तर ब्राकेत्तो दोरीवरच्या उड्या मारणारी नात. दोघींना एकाच पंगतीला बसवू नये.

नवखा_गडी

मी यातलं काहीच प्यायलो नाहीये. पुढच्या महिन्यात मिलानला कामासाठी जातोय. दुकानात बाटलीवर काय बघायचं? एकदा ‘गोड’ म्हणून घेतलेली रेड कोरडी निघाली होती. फळाचा वास येत होता म्हणून मला वाटलं गोड असेल.

रानजाई

वासाला पिकलेलं फळ आणि चवीला साखर या दोन वेगळ्या गोष्टी, मीही अशीच फसलेय. लेबलवर *रेचोतो देल्ला वाल्पोलिचेल्ला* असं पूर्ण वाचा. नुसतं ‘वाल्पोलिचेल्ला’ असेल तर ती रोजच्या जेवणाची हलकी कोरडी रेड. ‘रिपास्सो’ असेल तर तीच वाइन रेचोतो किंवा आमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर पुन्हा आंबवलेली, तीही कोरडीच. ‘रेचोतो दी सोआवे’ दिसली तर ती शेजारच्या सोआवेची, गोड पण पांढरी. ‘क्लासिको’ म्हणजे नेग्रार, मारानो, फुमाने, सान पिएत्रो इन कारियानो आणि सान्ताम्ब्रोज्यो या जुन्या पट्ट्यातली.

मानेवर डीओसीजीची पट्टी असते. डीओसी, डीओसीजी हे इटलीतले वाइनच्या मूळ प्रदेशाचे सरकारी दर्जे. वाल्पोलिचेल्लाला १९६८मध्ये डीओसी दर्जा मिळाला, रेचोतो आणि आमारोनेला त्याहून वरचा डीओसीजी २०१०मध्ये. याच नावाखाली फसफसणारी, स्पुमान्तेही मिळते, ती चुकून उचलू नका.

अभ्यासू बोका

इतर कुठल्या इटालियन बाटलीवर चार शब्द लक्षात ठेवा, नवखा : सेक्को म्हणजे कोरडी, आब्बोक्कातो किंचित गोडसर, आमाबिले मध्यम गोड, दोल्चे गोड. साध्या, न फसफसणाऱ्या वाइनवर ‘दोल्चे’ लिहायचं तर लिटरला किमान ४५ ग्रॅम साखर लागते. फसफसणाऱ्यांचे आकडे वेगळे, तिथे हा ताळा लावू नका.

नवखा_गडी

धन्यवाद! थंड करायची का? आणि एकट्यानं अर्धा लिटर कसं संपवायचं?

खमंग

१२-१४ अंश. फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं ठेवली की झालं. ऊबदार खोलीत अल्कोहोल वर येतं आणि ती काकवीसारखी जड लागते. ग्लास लहान, घोट लहान. आणि संपवायची कशाला? बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, साखरेमुळे आठवडाभर तरी छान राहते. तिकडे याला ध्यानाला बसल्यासारखी एकट्यानं प्यायची वाइन म्हणतात, विनो दा मेदितात्सिओने. जेवण झालेलं, भांडी उद्यावर टाकलेली, अशा वेळेची.

मावळतीचा दिवा

मला वेगळंच विचारायचंय. इतकी कौतुकाची आहे तर मामा तिची दहा टक्केही का करत नाहीत?

रानजाई

हे मी त्यांना विचारलं होतं. माळा तोच, द्राक्षं तीच, चार महिने तेच. मग एकाच क्रेटातून आमारोने केली तर ती जगभर जाते आणि रेचोतो केली तर ती विकायला दारात उभं राहून समजावून सांगावं लागतं. शिवाय गोड वाइन करणं जास्त डोकेदुखीचं. आमारोनेत यीस्टला मोकळं सोडायचं. रेचोतोत नेमक्या वेळी थांबवायचं, आणि बाटलीत भरल्यावर ते पुन्हा जागं होणार नाही याची काळजी घ्यायची. नाही तर बुचं उडतात. मामांच्या लहानपणी एकदा एप्रिलमध्ये तळघरात रात्रभर बुचं उडाली होती. सकाळी आजी खाली गेली ती पायातले जोडे चिकटूनच वर आली.

तरी करतात. ईस्टरला नेग्रारमध्ये रेचोतोची स्पर्धा भरते, पालियो देल रेचोतो. त्यात बाटली न पाठवणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. आमारोने विकून घर चालतं, रेचोतोवर अब्रू, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर होतं.

कडूकारले

बरं. मी सध्या बोलोन्यात असतो हे इथे कोणाला सांगितलं नव्हतं. शनिवारी जाऊन ३७५ मिलिलिटरची छोटी बाटली आणली, आणि गोर्गोन्झोला पिकान्ते. खमंगबाईंनी सांगितल्याप्रमाणे तुकडा अर्धा विरघळू दिला.

दोन गोष्टी. एक, ही वाइन नुसती प्यायला मला अजूनही जमत नाही. दुसऱ्या घोटाला मी कंटाळतो. दोन, चीजबरोबर बाटली संपली. कधी संपली ते कळलं नाही. काळ्या चेरीचा पाक, कोको, आणि शेवटी अगदी बारीक कडू. त्या कडूसाठी मी पुन्हा पुन्हा तुकडा मोडत राहिलो. म्हणजे मला आवडलं ते त्यातलं कडूच. तेव्हा माझं मत बदललं असं कोणी समजू नये.

तिरपागडा

हो हो, कोणीच समजत नाहीये.

सोनचाफा

आयडी बदलून ‘कडूगोड’ करून घ्या.

रानजाई

खमंग, तुमच्या सांगण्यावरून काल मांतोव्याहून झ्ब्रिसोलोना मागवला. उरलेली रेचोतो आहेच. संध्याकाळी तीच चार माणसं पुन्हा बोलावलीत, मागची भरपाई म्हणून. पण हा प्रकार चांगलाच टणक दिसतोय. सुरी लावली तर सरळ काप निघत नाही, चुरा होतो. कापायचा कसा?

खमंग

अगं कापू नकोस! टेबलाच्या मध्ये अख्खा ठेव आणि सगळ्यांसमोर मधोमध बुक्की मार.